मेक्सिकोमार्गे अमेरिका? या चुका टाळा

भोसरीतल्या एका कारखानदारांनी मागे मला विचारलं, "साहेब, आपली बुशिंग (यंत्रांचे सुटे भाग) मेक्सिकोत उतरवू, तिथल्या गोदामात खोकी बदलू आणि ट्रकनं सीमेवरच्या लारेडोवरून अमेरिकेत सोडू. तिघांचा करार आहे ना? म्हणजे ड्युटी शून्य!" मी निर्यातीची कागदपत्रं बघतो. हा बेत घेऊन येणारे ते पहिले नव्हेत.

खोकं बदललं म्हणून मालाचं मूळ बदलत नाही. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यात २०२० पासून लागू असलेला करार त्या देशांतून नुसत्या जाणाऱ्या मालाला सवलत देत नाही, तिथे घडलेल्या मालाला देतो. मोटारीचंच घ्या. नाफ्टा या तिघांच्याच आधीच्या करारात गाडीच्या किमतीतला ६२.५ टक्के वाटा या तीन देशांतला असला की भागायचं, आता ७५ टक्के लागतो. शिवाय ४० ते ४५ टक्के वाटा तासाला सरासरी १६ डॉलर तरी मजुरी देणाऱ्या कारखान्यांतून यावा लागतो. मेक्सिकोतली स्वस्त मजुरी डोळ्यांसमोर ठेवूनच ही अट घातली आहे. सुट्या भागांच्या मर्यादा आणखी निराळ्या. भोसरीत घडलेलं बुशिंग मेक्सिकोतल्या मोंतेरे शहरात नव्या खोक्यात घातलं तरी ते भारतीयच राहतं, आणि मूळ देश लपवल्याचा दंड गळ्यात पडतो तो वेगळाच.

त्यात मेक्सिकोचं दारही आता पूर्वीसारखं उघडं नाही. ज्यांच्याशी मुक्त व्यापार करार नाही अशा देशांच्या पुष्कळ मालावर मेक्सिकोनं जानेवारी २०२६ पासून शुल्क वाढवलं. त्यात चीनबरोबर आपणही आलो. मोटारींवर २० टक्के होतं, ते ५० झालं. चाकणहून मेक्सिकोला गाड्या जातात, त्यामुळे याची झळ पुण्यालाही आहे. मेक्सिको सरकार स्थानिक उद्योगाचं नाव पुढे करतं. मला त्यात वॉशिंग्टनची मर्जी राखण्याचा भाग जास्त दिसतो.

दुसरी चूक मथळ्यातला टक्का धरून बसण्याची. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं दोन्ही शेजाऱ्यांवर २५ टक्के शुल्क लावलं आणि दोन-तीन दिवसांत करारात बसणारा माल त्यातून वगळला. कॅनडाच्या तेलावर तर पहिल्यापासून १० टक्केच होतं, कारण मधल्या राज्यांतल्या अमेरिकी रिफायनऱ्या त्याच जड तेलावर चालतात. ऑगस्टमध्ये ब्राझीलवर ५० टक्क्यांचा घाव बसला, पण सोबतच्या लांबलचक यादीतून संत्र्याचा रस आणि विमानं सुटली. कॉफी आणि गोमांस अडकलं, तेही नोव्हेंबरमध्ये मोकळं झालं. म्हणून घोषणा आली की आधी परिशिष्ट उघडा आणि आपला एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, शोधा. भाषण नंतर ऐकलं तरी चालतं.

नेत्यांच्या दोस्ती-दुश्मनीवरून व्यापाराचा अंदाज बांधणं ही मात्र सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्राझीलचे लुला आणि अर्जेंटिनाचे मिलेई या अध्यक्षांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, तरी दोन्ही देशांत मोटारी आणि सुटे भाग दोन्ही बाजूंनी जातच असतात.

सप्टेंबर २०२५ चा किस्सा तर लक्षात ठेवण्याजोगा आहे. ट्रम्प सरकार मिलेईंना सावरायला पुढे आलं आणि २० अब्ज डॉलरच्या मदतीची बोलणी सुरू झाली. त्याच आठवड्यात डॉलर मिळवण्यासाठी अर्जेंटिनानं धान्य आणि तेलबियांवरचा निर्यातकर शून्यावर आणला. सोयाबीनवर तो २६ टक्के होता, सोयातेलावर २४.५. सात अब्ज डॉलरच्या नोंदणीपर्यंतच ही सूट होती, ती तीन दिवसांत संपली. सोयाबीन कोणी उचललं? चीननं! ऐन काढणीत अमेरिकेचा शेतकरी चिनी गिऱ्हाइकाची वाट बघत राहिला. मदत त्याच्या सरकारची आणि धंदा अर्जेंटिनाचा. भारतीय आयातदारांनीही तेव्हा स्वस्त सोयातेल भरून घेतलं. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव बघणाऱ्यांनी म्हणूनच अर्जेंटिनातल्या रोझारिओ बंदराच्या बातम्यांवरही नजर ठेवावी.

नावांचा घोळ त्या मानानं किरकोळ. एकाच कराराला अमेरिका यूएसएमसीए म्हणते, मेक्सिको टी-मेक आणि कॅनडा कुस्मा. स्पॅनिश कागद आला की नवा करार झाला असं समजू नका.

तारखेचा घोळ मात्र नडतो. १ जुलै २०२६ ही कराराच्या संयुक्त आढाव्याची तारीख आहे, मुदत संपण्याची नाही. मुदतवाढीवर एकमत झालं नाही तरी करार २०३६ पर्यंत चालतो आणि दरवर्षी आढावा होत राहतो. बाहेर पडायचं असेल तर सहा महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा "करार संपला, ऑर्डर थांबवा" असा व्हॉट्सअ‍ॅप आला तर आधी एवढंच विचारा, नोटीस दिली का आणि कोणी?

भोसरीच्या त्या कारखानदारांनी गोदामाचा बेत सोडून दिला. परवा त्यांचा फोन आला होता. यंत्रांसकट मोंतेरेलाच गेलो तर, असं विचारत होते. त्याचा हिशेब करायला येत्या शनिवारी बसणार आहोत.