चेनमधले दोन वॅट मोजताना

मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सायकलच्या चेनमध्ये किती शक्ती वाया जाते, हे मोजायचं आमच्या ग्रुपनं ठरवलं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा कोपरा मिळाला. एका बाजूला चेन फिरवणारी मोटर, दुसऱ्या बाजूला बाहेर येणारी शक्ती मोजायला ब्रेक. महिनाभर आकडे जुळेनात. एकदा तर कार्यक्षमता १०१ टक्के आली.

हा विषय घेणाऱ्यानं एवढं आधी समजून घ्यावं. आत १०० वॅट गेले, बाहेर ९८ आले, म्हणजे नुकसान २ वॅट. पण दोन्हीकडे मोजताना एकेक वॅट इकडेतिकडे झाला, तर तेच नुकसान शून्य दिसतं किंवा चार. म्हणून वजाबाकी करू नका, नुकसानच मोजा. आम्ही ब्रेक काढला. सारख्या दात्यांच्या दोन चक्रांवर चेन चढवली आणि एक एक्सल वजन लावून मागे ओढला. मग मोटरला फक्त घर्षणापुरतीच शक्ती द्यावी लागते. बेअरिंगचं घर्षण त्यातच येतं, पण ताण आणि वेग तेच ठेवून नुसती चेन बदलली, तर उरतो तो फरक चेनचाच.

घर्षण होतं कुठे? मुख्यतः पिनपाशी, कडी चक्रावर चढताना आणि उतरताना वाकते तेव्हा. ३६० अंशांना दात्यांच्या संख्येनं भागा: १८ दात्यांवर कडी २० अंश वळते, ११ दात्यांवर जवळजवळ ३३. लहान फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र, जास्त शक्ती खातं ते यामुळे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटानं १९९९ मध्ये ८१ ते ९८.६ टक्के कार्यक्षमता नोंदवली. ताण वाढला की कार्यक्षमताही वाढत होती, तेलानं मात्र फारसा फरक पडला नव्हता. तोंडी परीक्षेत मला विचारलं, मग तेल घालायचंच कशाला? माझं उत्तर: स्पायसर यांची ती प्रयोगशाळेतली स्वच्छ चेन होती. होटगी रोडची धूळ आणि गॅरेजमधलं काळं ऑइल एकत्र आलं की पिन घासणारा लगदाच होतो.

झीज पाहायला पोलादी पट्टी पुरते. सलग २४ कड्यांची, म्हणजे २५ पिनांमधली, लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०७ च्या वर गेली की चेन बदला, नाहीतर दातेही झिजतात. आणि रॉकेलनं धुण्याआधी जुन्या चेनच्या नुकसानीचं, म्हणजे वॅटचं, एक रीडिंग घेऊन ठेवा. एकदा धुतल्यावर ते पुन्हा मिळत नाही.