मिस केरळची टाकी नव्याने लावण्याआधी

जाळी, पाइप, जुने टॉवेल, बादल्या. बादल्यांना साबण लागलेला नको, बाकी हे सांगायला नको.

मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, हा केरळातल्या वाहत्या नद्यांतला मासा. त्याच्या वंशाला 'सह्याद्रिया' असं नावही दिलं गेलं होतं. वाढला की जवळपास सहा इंचांचा होतो, घोळक्याने राहतो आणि सुसाट पोहतो. निळे खडे, किल्ला, उघडझाप करणारा खजिन्याचा पेटारा ही आपली हौस. त्याला पळायला जागा हवी. टाकी चार फुटांहून आखूड असेल तर सजावट बदलून उपयोग नाही, आधी टाकी बदला. उंचीवर पैसे घालू नका, लांबी बघा.

गोटे गुळगुळीत आणा. काळा पाषाण बिनधास्त चालतो. शंका आली तर व्हिनेगर टाकून बघा: फसफसला तर चुनखडी, पाणी जड करणार, घरी नेऊ नका. वाळू नदीची, बारीक. समुद्राची नको, तिच्यात मीठ आणि शिंपले. धुवा, परत धुवा. कंटाळा येईल, तरी अजून एकदा धुवा.

आता फिल्टरचा स्पंज. तो नळाखाली धुवायचा नाही. माशाच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच स्पंजवर राहतात आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. मागच्या वेळी नेमकं हेच विसरलं आणि भोगलं माशांनी. नुसता ओला ठेवूनही भागत नाही, त्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. म्हणून मासे ज्या टबात काढाल त्यातच, टाकीच्या जुन्या पाण्यात, फिल्टर चालू ठेवा. वाळू धुताना मध्येच 'हा पण जरा पिळून घेऊ' असं वाटेल. घेऊ नका. घाण दिसली तरी नको. फारच चोंदला असेल तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका दाबा, बस. जुने खडे काढले की त्यांच्यावरचे जिवाणूही गेले, म्हणजे सगळी भिस्त स्पंजवर. नवा फिल्टर आणलात तरी जुना लगेच काढू नका, काही आठवडे दोन्ही चालू द्या.

टबावर झाकण. हे मासे उडी मारतात, टाकीलाही झाकण लागेलच. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा. आदल्या दिवशी खाणं बंद.

लावताना मोठे गोटे आधी, थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोम घालून, वाळू मग. वाळूवर रचलेला ढीग सरकतो आणि काच जाते. मधला पट्टा मोकळा. अनुबियास ही पाणवनस्पती गोट्याला दोऱ्याने बांधा, खोड वाळूत पुरलं तर सडतं. पॉवरहेड, म्हणजे प्रवाह तयार करणारा पंप, एका टोकाला, प्रवाह लांबीच्या दिशेने. पाणी ताटलीवर हळूहळू ओता, अँटीक्लोरीन घालून. तापमान जुळवा, मासे सोडा, दिवा बंद.

पुढचे दोन आठवडे खाणं निम्मं. अमोनियाची चाचणी रोज. वाढला तर चतुर्थांश पाणी बदला. आणि स्पंजला हात लावू नका.