कोरल रीफवर पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्यांसाठी

परदेशी गेल्यावर कोरल रीफवर (समुद्रातल्या प्रवाळाच्या रांगेवर) उतरायचंच असं ठरवलं असेल, तर एक दिवसाची ‘ट्राय डाइव्ह’ घेण्याऐवजी सरळ ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स) करा. मी तो ऑस्ट्रेलियात केर्न्सला, ग्रेट बॅरिअर रीफवर केला. ट्राय डाइव्हमध्ये फार तर 12 मीटर खोल जाता येतं, इन्स्ट्रक्टर जवळजवळ धरूनच फिरवतो आणि आपला सगळा जीव श्वासाकडे लागलेला असतो. रीफ बघायची राहूनच जाते. कोर्सनंतर जोडीदारासोबत 18 मीटरपर्यंत जाता येतं.

थिअरी ऑनलाइन असते, ती घरूनच उरकून जा. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगत राहणं जमलं पाहिजे. वेगाची अट नाही. वैद्यकीय प्रश्नावलीही निघण्याआधीच वाचा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचा त्रास असं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती ऐन वेळी परक्या गावात मिळवणं जिकिरीचं होतं.

नवख्यांना भीती असते खोलीची, पण कानांना खरा त्रास होतो तो वरच्या काही मीटरांत. पृष्ठभागापासून 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि कानातल्या हवेचं आकारमान निम्मं. त्याखाली हा बदल मंदावत जातो. म्हणून उतरायला लागल्याबरोबर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते कान दुखायच्या आधी. दुखलाच तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही म्हणजे नाही, पैसे भरलेले असले तरी. वर येताना हीच गोष्ट उलटी होते, छातीतली हवा फुगते. त्यामुळे श्वास कधीही रोखायचा नाही, सावकाश वर यायचं आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

सर्वांत जास्त मेहनत घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहणं. श्वास भरला की शरीर वर सरकतं, सोडला की खाली. पण लगेच नाही, क्षणभरानं. हा क्षणभराचा उशीर अंगवळणी पडेपर्यंत माणूस हात मारत राहतो, फिन्स (पायातली वल्ही) खाली लोंबतात आणि प्रवाळावर आपटतात. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतं. एका लाथेत कितीतरी वर्षांची वाढ तुटते. सरावाच्या उथळ पाण्यात हे पक्कं होईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नका, असं मी कळकळीनं सांगेन.

स्थिर राहता आलं की रीफ दिसायला लागते. अशाच एका घुमटावर ख्रिसमस ट्री वर्म (प्रवाळात राहणारे समुद्री किडे) होते: निळे, पिवळे, नखाएवढे तुरे. माझी सावली पडताच सगळे आत गडप. मी हललो नाही, तेव्हा एकेक तुरा हळूहळू उलगडत बाहेर आला. बाजूला पॅरटफिश प्रवाळ कुरतडत होता आणि तो करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

पांढरे पडलेले पट्टेही दिसतील. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या पेशींतलं, त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल निघून जातं. ग्रेट बॅरिअर रीफवर 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 मध्ये मोठ्या प्रमाणावर असं झालं. पांढरं प्रवाळ अजून मेलेलं नसतं, पाणी वेळेत थंड झालं तर ते सावरू शकतं. अशा वेळी त्याला धक्का लागू न देणं तेवढं आपल्या हातात आहे.

परतीच्या विमानाचा हिशेब तिकीट काढतानाच करा, कारण डाइव्हमध्ये अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास, सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास उड्डाण नको; मी पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. शिवाय प्रवासविम्यात स्कूबा आणि प्रेशर चेंबरचे (बंद खोलीत दाबाखाली होणारे) उपचार धरलेत का, तेही वाचून घ्या. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते नसतात.