चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी आर्टिकल शिकवताना या चुका टाळा

‘शी इज डॉक्टर.’ ‘आय बॉट बुक यस्टरडे.’ मॅन्डरिन, म्हणजे चीनची प्रमुख भाषा, बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत अशी वाक्यं दिसली की शिक्षक अ, ॲन, द यांचे नियम पुन्हा पहिल्यापासून फळ्यावर लिहायला घेतो. ही मेहनत बहुतेक वाया जाते. नियम त्या मुलांना पाठ असतात. चीनच्या शाळांत इंग्रजी साधारण तिसरीपासून असतं आणि परीक्षांतही आर्टिकलवर प्रश्न येतात. अडतं ते दुसरीकडे, आणि त्यातलं बरंचसं आपल्या शिकवण्यात असतं.

‘त्यांच्या भाषेत आर्टिकल नाही, म्हणून त्यांना कळत नाही’ असं समजू नका

आर्टिकल नाही हे खरं. पण ‘ऐकणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट’ आणि ‘नवी गोष्ट’ हा फरक चिनी माणूस दिवसभर करत असतो, फक्त शब्दांच्या क्रमाने. ‘खरन् लाय ल’ म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. ‘लाय खरन् ल’ म्हणजे कोणीतरी पाहुणे आलेत. शब्द तेच, पाहुणे क्रियापदाच्या आधी की नंतर, एवढ्यावर अर्थ फिरतो. मराठीतही आर्टिकल नाही, पण आपण हे काम असं क्रमावर सोपवत नाही. त्यामुळे मराठी शिक्षकाच्या हे पटकन लक्षात येत नाही.

तेव्हा पहिला धडा नियमांचा नको. ही दोन चिनी वाक्यं विद्यार्थ्याकडूनच म्हणवून घ्या. कोणते पाहुणे ‘द गेस्ट्स’ आणि कोणते नुसते ‘गेस्ट्स’, ते त्यालाच ठरवू द्या. तो चुकत नाही. एकवचनी ‘अ’ त्यानंतर आणा.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या भाषासंशोधक दानियेला त्रेंकिच आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मॅन्डरिन भाषकांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक समुद्री चाचा, एक ठोकळा आणि डबे दाखवायचे, ‘द पायरेट विल पुट द क्यूब इनसाइड द कॅन’ असं वाक्य ऐकवायचं आणि नजर कुठल्या डब्याकडे वळते ते टिपायचं. ‘द कॅन’ आणि ‘अ कॅन’ यांतला फरक हे विद्यार्थी ऐकता ऐकताच वापरत होते. बोलताना आर्टिकल गाळणाऱ्यांनाही ते ऐकून कळत होतं. म्हणून विद्यार्थ्याने आर्टिकल गाळलं तर ते त्याला येत नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका.

‘द म्हणजे विशिष्ट’ हे शिकवणं थांबवा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं, आणि आपल्याकडच्या वर्गांतही ते सर्रास ऐकू येतं. विद्यार्थी म्हणतो, ‘यस्टरडे आय मेट द मॅन फ्रॉम चेंगदू.’ त्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस आहे, म्हणून त्याने इमानदारीत ‘द’ लावला. पण ऐकणाऱ्याला तो माणूस माहीत नाही. इंग्रजीला ‘अ मॅन’च हवा.

इऑनिन, को आणि वेक्स्लर या भाषासंशोधकांनी 2004 मध्ये रशियन आणि कोरियन भाषकांच्या इंग्रजीत नेमका हाच घोळ दाखवला. ज्यांच्या मातृभाषेत आर्टिकल नाही, ते ‘बोलणाऱ्याच्या मनातलं विशिष्ट’ आणि ‘दोघांना माहीत असलेलं’ यांच्यात हेलकावे खातात. उपाय एका प्रश्नाचा आहे: ‘समोरचा “कोणता?” असं विचारेल का?’ विचारणार असेल तर ‘अ’. हा प्रश्न विद्यार्थ्याला जोडीदारासमोर बसवून विचारा. ऐकणारा खरोखर समोर असला की उत्तर बरोबर येतं.

‘पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द’ हा नियमही असाच अर्धवट आहे. ‘आय टुक अ टॅक्सी. द ड्रायव्हर वॉज फ्रॉम हार्बिन.’ ड्रायव्हरचा उल्लेख पहिलाच आहे, तरी ‘द’, कारण टॅक्सी म्हटली की ड्रायव्हर आलाच. नियम पाठ केलेला विद्यार्थी इथे ‘अ ड्रायव्हर’ लिहितो. मुद्दाम अशा जोड्या द्या: रेस्टॉरंट आणि मेन्यू, लग्न आणि नवरी, घर आणि छप्पर.

गळती कुठे होते ते न बघता सगळीकडे लाल खुणा करू नका

एक ठिकाण म्हणजे व्यवसाय सांगणारं वाक्य. ‘था श लाओश’, म्हणजे ‘तो शिक्षक आहे’, यात चिनी आणि मराठी दोघांनाही काही लावावं लागत नाही. इंग्रजीत ‘अ’ चुकवता येत नाही. दुसरं, पुन्हा येणारी गोष्ट. रॉबर्टसन या संशोधकाने 2000 साली 18 चिनी विद्यार्थ्यांचं बोलणं तपासलं तेव्हा दिसलं की नुकत्याच बोललेल्या गोष्टीचा पुन्हा उल्लेख होताना आर्टिकल सहज गळतं. संदर्भातून कळतंय ते कशाला म्हणायचं, ही चिनीची सवय इथे आड येते. तिसरं, नामाआधी विशेषण आलं की. ‘अ बॅग’ नीट म्हणणारा ‘न्यू रेड बॅग’ म्हणून मोकळा होतो. सर्बियन भाषकांच्या बाबतीतही हे नोंदलेलं आहे. विशेषण घालून-काढून तोंडी सराव घ्या, त्याचा उपयोग होतो.

‘अ न्यूज’, ‘ॲन ॲडव्हाइस’ याला निष्काळजीपणा म्हणू नका

चिनीत संख्या नामाला थेट चिकटत नाही, मध्ये मोजशब्द लागतो. ‘यी पन् शू’ म्हणजे एक पुस्तक, ‘यी थ्याओ शिनवन्’ म्हणजे एक बातमी. पुस्तक आणि बातमी दोन्ही एकाच पद्धतीने मोजल्या जातात, मग एकीला ‘अ’ चालतो आणि दुसरीला नाही, हे त्याला का सुचावं? पण त्याच मोजशब्दाचा फायदाही घेता येतो. ‘अ पीस ऑफ न्यूज’, ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ ही रचना त्याला अगदी ओळखीची वाटते. ती आधी शिकवा, मोजता न येणाऱ्या नामांची यादी मागून येऊ दे. ‘यी’चं भाषांतर म्हणून ‘वन’ येत असेल, ‘आय हॅव वन ब्रदर’सारखं, तर संख्या सांगायची आहे की नुसती ओळख करून द्यायची आहे, एवढं विचारा.

कानाकडे दुर्लक्ष करू नका

‘ॲन ॲपल’मधला न पुढच्या स्वराला जोडून म्हणणं मॅन्डरिन जिभेला परकं आहे. ‘थ्यन-आन-मन्’ म्हणताना पहिला न पुढच्या ‘आ’ला चिकटत नाही, तसंच इथे होतं: ‘ॲन’, थांबा, ‘ॲपल’. त्या थांब्यात न विरतो. ‘अ-नॅपल’ असं तोडून म्हणायला लावा. ‘द’ मात्र त्यांच्याच ‘ल’ किंवा ‘द’सारख्या हलक्या, सूर नसलेल्या अक्षरांच्या चालीवर म्हणायला सांगा. जोर देऊन ‘दSS’ म्हणवून घेतलंत तर वेगाने बोलताना विद्यार्थी तो टाकूनच देईल.

‘द नेचर इज ब्यूटिफुल’, ‘द सोसायटी’ अशी जादाची ‘द’ पुढच्या टप्प्यावर येते. ‘द’ हाताशी आल्यावर तो सगळीकडे लागतो, त्यामुळे सुरुवातीलाच तिथे फार रक्त आटवू नका. ठिकाणांच्या नावांसाठी चीनचा नकाशा भिंतीवर लावा आणि बोट ठेवून म्हणवून घ्या: द यांगत्से, द ग्रेट वॉल, द फॉरबिडन सिटी, आणि काहीही न लावता वेस्ट लेक, माउंट ताय, थ्यनआनमन् स्क्वेअर.