हेलब्लेड खेळताय? मग या चुका टाळा

'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळलो, तेही डोक्यावर पंखा फुल सोडून. दोन तासांत कंटाळलो. 'काही दम नाही' असं चार मित्रांना सांगूनही झालं. मग कधीतरी उसना हेडफोन लावून परत बसलो आणि दहाव्या मिनिटाला चक्क मान वळवून मागे पाहिलं. डाव्या कानामागे कुणीतरी कुजबुजलं होतं.

तर पहिली चूक हीच. गेमची नायिका सेनुआ ही आठव्या शतकातली, स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरची, पिक्ट या जुन्या जमातीतली योद्धा. मारल्या गेलेल्या प्रियकराचा, डिलियनचा आत्मा सोडवायला ती नॉर्स (व्हायकिंग) लोकांच्या पाताळात, हेल्हाइममध्ये निघालीय. तिला सायकोसिस आहे, म्हणजे नसलेल्या गोष्टी ऐकू येतात, दिसतात; डोक्यात आवाज अखंड चालू. केंब्रिजच्या निंजा थिअरीने २०१७ साली हा गेम आणला. त्यासाठी त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांची आणि असे अनुभव प्रत्यक्ष घेतलेल्या माणसांची मदत घेतली. आवाज रेकॉर्ड करताना दोन कानांच्या जागी माइक ठेवले होते. म्हणून ते कधी मानेमागून येतात, कधी थेट कानात. स्पीकरवर त्याची नुसती कलकल होते.

हेडफोन लावूनही सगळं सपाट वाटतंय? आधी विंडोजमधला किंवा हेडफोनच्या ॲपमधला 'सराउंड' बंद करा. आवाज मुळातच चहूबाजूंनी येईल असा बांधलाय, त्यावर दुसरा थर चढला की गढूळ होतो. ब्लूटूथ हेडसेट असेल तर मागे चॅटचं ॲप चालू नाही ना, बघा. माइक सुरू झाला की बरेच हेडसेट 'हँड्स-फ्री'वर जातात आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा येतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. आणि डावा-उजवा उलटा घालू नका. हसू नका, होतं असं.

लढाईत अडकणारे बहुतेक जण फक्त डोळ्यांनी लढतात. कॅमेरा एकाच शत्रूवर खिळतो, मागचा दिसतच नाही. तेव्हा आवाज ओरडतात की मागे बघ. एरवी हेच आवाज सेनुआला टोमणे मारतात, घाबरवतात. पण लढाईत त्यांचं ऐका आणि लगेच बाजूला उडी मारा. वार लागतच नाहीयेत, शत्रू काळ्या धुरासारखा दिसतोय? मग तलवार आपटून उपयोग नाही. कमरेचा आरसा चमकला की फोकसचं बटण दाबा, तो हाडामांसाचा होतो. कुठली बटणं काय करतात हे गेम स्वतःहून शिकवत नाही. पॉज मेन्यूत एकदा नजर टाका. तरीही जड जात असेल तर तिथेच काठिण्य कमी करा, त्यात कमीपणा नाही.

दारावरच्या खुणांची कोडी सोडवताना लोक रानोमाळ भटकतात. योग्य जागेच्या आसपास तीच खूण पडद्यावर तरंगायला लागते. तिथे थांबा, दोन पावलं मागे-पुढे करा. तुळया, सावल्या, झाडाच्या फांद्या बरोबर कोनातून एकमेकींत बसून त्याच खुणेचा आकार झाला पाहिजे.

आंधळेपणाच्या परीक्षेत, म्हणजे सेनुआला जवळजवळ काहीच दिसत नाही त्या टप्प्यात, ब्राइटनेस वाढवून काही हाती लागत नाही. तिथे कान आणि कंट्रोलरचं थरथरणं एवढंच आपलं. धावलात की गेलात.

सुरुवातीला गेम बजावतो की मेलात तर हातावरचा काळा डाग वर सरकेल आणि डोक्यापर्यंत पोचला की सगळी प्रगती पुसली जाईल. या धास्तीने कित्येकांनी गेम सोडला. तो बागुलबुवा आहे. सेव्ह पुसला जात नाही, बिनधास्त मरा. खरं नुकसान वेगळीकडे होतं: कथाशिळा, म्हणजे वाटेत उभे असलेले खुणांचे दगड. एकूण ४४ आहेत, प्रत्येकीवर फोकस केला की सेनुआचा मेलेला मित्र ड्रुथ नॉर्स कथा सांगतो. पुढे गेलात की मागची वाट बंद होते, आणि सगळ्या ऐकल्या तरच एक जादा प्रसंग दिसतो.

आता शेवटाबद्दल. स्वतःच शोधायचं असेल तर इथेच थांबा. शेवटच्या लढाईत शत्रू संपत नाहीत. मी बोटं दुखेपर्यंत मारत राहिलो, बग समजून गेम परत सुरूही केला. बग नाही. तिथे जिंकायचं नसतंच. तलवार थांबवा, सेनुआला पडू द्या. पुढचा प्रसंग त्यानंतरच सुरू होतो.