बदलीचा कागद आला की आधी काय करायचं

मी नागपुरात सदरच्या बाजूला राहते. निवृत्त नर्स. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका अजून 'सिस्टर'च म्हणतात, लहान पोरी मावशी. नवऱ्याची बदली, मुलाचं परदेशी जाणं, रिटायरमेंट, असं काही आलं की माझ्याकडे चहाला येणं ठरलेलं. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

"भीती वाटते" एवढ्यावर प्रार्थना उरकू नका. वॉर्डात पेशंट नुसता "दुखते जी" म्हणाला, तर आम्ही लगेच गोळी देत नव्हतो. कुठे, कधीपासून, दाबल्यावर की सोडल्यावर, हे आधी विचारायचो. भीतीलाही तसंच विचारायचं. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगी आली, नवऱ्याची पुण्याला बदली झालेली. कूलरसमोर बसूनही घाम पुसत होती. "मावशी, मले काहीच समजून नाही राहिलं." किराण्याच्या वहीचं मागचं पान तिच्यापुढे केलं, लिही म्हटलं. तिने लिहिलं, 'सगळंच'. ते खोडायला लावलं. मग हळूहळू उतरलं. सासूबाई यायला तयार नाहीत, त्यांच्या बीपीच्या गोळ्या कोण बघणार? मुलगी पाचवीत, नव्या शाळेत तिची टर उडवली तर? तिथे मराठी उपासना मिळेल का? आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: तिथे माझं कोणीच नाही.

आता बघा, मराठी उपासनेसाठी एक फोन पुरे होता. पाळकसाहेबांनी तो तिथल्या तिथे लावला. गोळ्यांचं नणंदेशी बोलून ठरवायचं होतं. देवापुढे न्यायला उरल्या दोनच ओळी. त्या जशा लिहिल्या तशाच वाचायच्या, सजवायच्या नाहीत.

"ख्रिस्ती माणसाने भ्यायचं नसतं" असं सांगणारे भेटतीलच. त्यांना बायबलमधला गेथशेमाने बागेचा प्रसंग वाचायला लावा, येशूला धरून नेलं त्या रात्रीचा. "होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो" हे खुद्द प्रभूने म्हटलं, आणि त्यानंतर "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो". पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर उडी मारायची घाई आपल्यालाच असते. आणखी एक बघा. त्या रात्री त्याने आपल्या मनाची अवस्था पेत्र, याकोब आणि योहान या तीन शिष्यांनाच सांगितली. तुम्हीही दोन-तीन माणसं निवडा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्रेयर रिक्वेस्ट' टाकली, तर संध्याकाळपर्यंत तुमची बदली निलंबन होऊन परत येते.

रात्री काही ठरवू नका. नाइट ड्युटीत कायम पाहिलं, दिवसा हसत बोलणारा पेशंट पहाटे तीनला मृत्युपत्राच्या गोष्टी करतो. बायबलमधला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा (१ राजे १९). तेव्हा आधी वरण-भात खा, झोपा, निर्णय सकाळी. झोपच आठवडेच्या आठवडे येत नसेल, छाती धडधडत असेल, तर डॉक्टरकडे जा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

आणि प्रत्येक भीती जिंकायचीच नसते. घरात हात उगारणाऱ्या माणसाची वाटणारी भीती खरी सूचना असते. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दाविदाने अंग चुकवलं आणि घर सोडलं.

जुन्याची आठवण काढायची तर पूर्ण काढा. मिसरातल्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना अरण्यात तिथली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण सगळं आठवलं (गणना ११). विटा आणि मुकादमांचे फटके तेवढे विसरले. जुनं घर सोडताना रडू आलं तर रडा, पण पावसाळ्यात गळणारं छतही आठवा.

उपासनेत बदल झाला की आमच्याकडे फार कुरकुर चालते. मी अशा वेळी १९७० काढते. २९ नोव्हेंबरला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते इथेच, आपल्या नागपुरात. त्यात अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते. एकांकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, दुसऱ्यांकडे मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावर. नव्या चर्चने दोन्ही पद्धती ठेवल्या. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते. आमच्या घरातली मोठी माणसं गीतं कुठली गाणार, प्रभुभोजनाचा प्याला कोणाच्या पद्धतीने देणार, यावरून रात्र-रात्र बोलत बसायची. एवढं निभावलं, तर नवा कीबोर्ड आणि प्रोजेक्टरही निभावेल.

जायचंच ठरलं, की एकदा आधी जाऊन या. साध्या वारी नव्या शाळेचं फाटक, भाजीबाजार, चर्च बघून घ्या. न पाहिलेली जागा मनात फार मोठी होते.

तिथे पोचल्यावर "आमच्या नागपुरात असं नव्हतं" हे वाक्य निदान पहिले काही महिने तोंडातून काढू नका. मनात म्हणा हवं तर. उपासना संपली की पर्स उचलून निघूही नका. चहाच्या टेबलाकडे जा आणि कप विसळायला लागा. कोणी ना कोणी "राहू द्या हो, तुम्ही पाहुण्या" म्हणत येईलच. तिचं नाव विचारा आणि कप हातातून सोडू नका.