या चुका टाळा: इंजिन उघडण्याआधी रूळ बघा

मृग लागला की बेळगाव-खानापूरकडे मॉडेल रेल्वेवाल्यांच्या घरी तीच तक्रार सुरू होते. मे महिन्यात सुरळीत धावणारं डब्ल्यूएपी-7 या विजेच्या इंजिनाचं मॉडेल जुलैत दोन फूट जातं, अडखळतं, हेडलाइट फडफडतो आणि इंजिन थांबतं. मग स्क्रू-ड्रायव्हर निघतो. सगळ्यात जास्त इंजिनं इथेच खराब होतात. बॉडीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात, बारीक स्प्रिंग कुठेतरी उडून जाते, आणि दोष मात्र बाहेरच असतो.

एचओ मापाचं, म्हणजे 1:87 चं, साधं डीसी इंजिन 12 व्होल्टवर चालतं. वर पँटोग्राफ (वरच्या तारेला टेकणारा छपरावरचा सांगाडा) असला तरी वीज सहसा रुळांतून चाकांमार्गे मोटरपर्यंत जाते. रूळ आणि चाक यांच्यात धूळ, तेल आणि दमट हवेचा काळा थर बसला की हा रस्ता बंद होतो. पितळी रूळ फार लवकर काळे पडतात. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे बरेच टिकतात, पण कणकुंबीच्या बाजूच्या पावसात तेही वरचेवर पुसावे लागतात.

पुसायचं ते सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. पॉलिश पेपर मारला की रूळ चकाकतात खरे, पण बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्या चऱ्यांत घट्ट बसते. तारेचा काथ्या तर लेआउटच्या, म्हणजे मांडलेल्या रेल्वेच्या, जवळही नको. त्याचे कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि आत शॉर्ट होतो. उद्यमबागेत लेथवर किंवा फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे बदलूनच लेआउटला हात लावावा. लोखंडाचा कीस बाहीवरून सहज घरात येतो.

रूळ पुसले आणि चाकं तशीच राहिली, तर दुसऱ्या दिवशी रूळ पुन्हा काळे. चाकांसाठी टिश्यू पेपरची पट्टी अल्कोहोलने जराशी ओली करून रुळांवर आडवी ठेवा. इंजिनाची एक बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा संच) पट्टीवर आणि दुसरी उघड्या रुळांवर धरा, मग हलकेच रेग्युलेटर वाढवा. पट्टीवरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उठतात. रेघा फिक्या होईपर्यंत पट्टी सरकवत राहा, मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. खिडकी उघडी ठेवा, जवळ उदबत्ती नको.

एवढं करूनही लांबच्या टोकाला इंजिन मंदावत असेल, तर मल्टीमीटर घ्या. मोजताना इंजिन रुळांवर चालू हवं. रिकाम्या रुळांवर आकडा बरोबरच दिसतो, म्हणून अनेकांची फसगत होते. भार आल्यावर व्होल्टेज उतरलं, तर रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्या सैल झाल्या आहेत. त्या चिमटून तात्पुरतं काम होईल. खरा उपाय म्हणजे रेग्युलेटरपासून दर मीटर-दीड मीटरला रुळांना वेगळी वायर जोडणे.

आता घाट. आपल्याकडे प्रत्येकाला कॅसलरॉक-कुळे घाट करायचा असतो, आणि का नसावा! तो घाट 1:37 चढाचा आहे, म्हणजे 9 सेंमी उंची चढायला सव्वातीन मीटरहून जास्त लांबी लागते. खोलीत तेवढी जागा नाही म्हणून चढ तिप्पट तीव्र केला, की चाकं जागेवर फिरतात आणि मोटर तापते. दोष इंजिनाला मिळतो. खऱ्या घाटासारखं मागून जादा इंजिन लावायचं असेल, तर दोन्ही आधी सुटी पळवून वेग सारखा आहे का ते बघा. नाहीतर एक ओढतं, दुसरं अडवतं. वळणांचंही तसंच: सेटमधले 360 मिमी त्रिज्येचे रूळ तीन-तीन आसांच्या बोगीला फार अरुंद पडतात, 550 मिमीच्या वर जा. ओव्हरहेड तार लावणार असाल तर वळणावर खांब एकमेकांच्या जवळ घ्या. तार दोन खांबांमध्ये सरळच राहते आणि पँटो तिच्याखालून निसटून अडकतो.

खोबरेल तेल गिअरला घालू नका. बेळगावच्या डिसेंबरात ते थिजतं. प्लॅस्टिकला चालणारं हलकं तेल, तेही सुईच्या टोकाने एक थेंब.

जुनी इंजिनं जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. बोरघाटात धावलेल्या डब्ल्यूसीजी-1 या जुन्या विजेच्या इंजिनाशी नातं सांगणाऱ्या स्विस 'क्रोकोडाइल' इंजिनाचं मॉडेल अनेकांना हवं असतं. स्वस्तात मिळालं तर आधी उलटं करून पोट बघा. खाली लांब धातूची पट्टी असेल, तर ते मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या तीन-वाहक एसी पद्धतीचं इंजिन आहे. त्याची दोन्हीकडची चाकं एकमेकांपासून विलग नसतात. आपल्या दोन रुळांवर ठेवताच शॉर्ट. त्याच वेळी धातूच्या सांगाड्यावर बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर घेऊ नका, जस्ताचा तो मिश्रधातू आतून फुटत जातो आणि त्यावर इलाज नाही. सोबत अमेरिकन ट्रान्सफॉर्मर आला असेल, तर त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. 120 वाला क्षणात जळतो.